तिसरा भोंगा

तिसरा भोंगा वाजून विरला, तरी भोंगेकाका स्टुलावरून उठले नाहीत.

उठायला हवं होतं. धरणाचं दार उघडण्याआधी तीन भोंगे द्यायचे, तिसऱ्यानंतर पायऱ्या उतरून नदीच्या पात्रात जायचं, वळणाआडच्या मोठ्या खडकापर्यंत सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, कुणी असेल त्याला बाहेर काढायचं आणि वर येऊन ऑपरेटरला फोनवर सांगायचं, "मोकळं." त्या एका शब्दावर तो बटण दाबायचा. काकांचा सगळा जन्म त्या एका शब्दात गेला होता. खरं नाव आता पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं.

आज सुट्टीचा दिवस. डोंगरात अडवलेलं पाणी बघायला सगळं शहर लोटलं होतं. वर तलावात बोटी फिरत होत्या, भिंतीवर फोटोंना ऊत आला होता आणि खाली पात्रात हौशी मंडळी डोहात पाय सोडून बसली होती. या मंडळींना उठवता उठवता काकांच्या तोंडाला फेस यायचा. "पाचच मिनिटं, काका." "एवढा एक फोटो, काका." एका बहाद्दराने तर शिट्टी फुंकणाऱ्या काकांचाच फोटो काढला आणि जरा हसा म्हणाला.

पण हा थकवा काही त्यांच्यामुळे आलेला नव्हता. बायको गेल्यापासून काकांना कशाचाच उत्साह राहिला नव्हता. घरी कुणी वाट बघत नव्हतं, गुडघे बोलायला लागले होते. लांब राहणाऱ्या मुलीचा फोन आला, तरी ते "दमलोय गं, नंतर बोलू" म्हणायचे, आणि ते नंतर काही उजाडायचं नाही. नात चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, हे सगळं त्यांनी असंच फोनवर अर्धंमुर्धं ऐकलं होतं.

आणि गेले काही आठवडे ते पायऱ्या उतरतच नव्हते. भोंगा ऐकून लोक आपणच वर येतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग उगाच गुडघे कशाला झिजवायचे? खाली जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ स्टुलावर बसून काढायचा आणि फोन उचलायचा. पहिल्यांदा असं केलं तेव्हा रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

वरून दिसेल तेवढं पात्र त्यांनी नजरेखालून घातलं. कुणी नव्हतं. चहा संपवला. फोन उचलला.

"मोकळं," ते म्हणाले.

"ठीक आहे, काका. उघडतो," पलीकडून ऑपरेटर म्हणाला.

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक जोडपं धापा टाकत वर आलं. बाईच्या हातात ओले बूट होते.

"काका, खाली खडकावर एक बाई बसलीये," ती म्हणाली. "लहान मुलगी आहे बरोबर. आम्ही दोनदा सांगितलं, अहो भोंगा झाला, चला. तर हसली. म्हणाली, भोंग्याचं मला माहीत आहे, तुम्ही व्हा पुढे."

काकांनी झडप घालून फोन उचलला. ऑपरेटरला पुन्हा नंबर लावला.

"थांबव! उघडू नकोस!"

"अहो, बटणावर बोट आहे माझं. आत्ताच तर मोकळं म्हणालात!"

"मी खाली गेलोच नव्हतो रे."

ऑपरेटर हळूच म्हणाला, "या जाऊन. मी हात लावत नाही कशाला."

काका निघाले. कठड्याला धरून, एकेका पायरीवर कण्हत, त्या बाईला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत. म्हणे माहीत आहे! काय माहीत आहे हिला? पाणी येतं तेव्हा आधी आवाज येतो आणि आवाज आला की पळायला वेळ उरत नाही, हे माहीत आहे? स्वतःचं सोड, पोरीचा तरी विचार करायचा. आज हिला अशी झापतो की पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही. आणि हे सगळं मनात म्हणत असताना त्यांना नीट कळत होतं, की झापून घ्यायची पाळी खरं तर आपली आहे.

वळण ओलांडून ते खडकाशी आले, तेव्हा छातीचा भाता झाला होता. बाई पाठमोरी होती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. शेजारी छोटी मुलगी पाण्यात पाय हलवत होती. काकांनी ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. असं बसणं त्यांच्या ओळखीचं होतं. याच खडकावर, त्यांच्या जेवणाचा डबा मांडीवर घेऊन, रोज कुणीतरी असंच बसायचं. ते खाली आले की तिला खांद्यावर घेत आणि दोघं वर जात.

बाईने मान वळवली. तिचा चेहरा आनंदाने फुलला.

"बघ, आले की नाही?" ती लेकीला म्हणाली. मग वडिलांकडे बघून लटक्या रागाने म्हणाली, "किती उशीर केलात आज, बाबा! ही मघापासून मागे लागलीये, आपण वर जाऊ या म्हणून. मी म्हटलं, इथून हलायचं नाही. तिसरा भोंगा झाला की आजोबा येतातच."