नानजिंगची खिडकी

"करवत कुठेय?" नागेशने विचारलं. प्रभा केकवर साखर भुरभुरवत होती.

"खिडकीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

खिडकी म्हणजे हॉलमध्ये बाल्कनीच्या काचेपुढे टांगलेली लाकडी जाळी. नागेशची नोकरी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची, पण मधली दोन वर्षं त्याने कंपनीच्या चीनमधल्या नानजिंगच्या कारखान्यात काढली. तिथे एक जुनं घर पाडत होते, त्यातून प्रभाने ही जाळी मागून घेतली होती. सामानाचा कंटेनर रखडत आला, तो २०१५च्या ऐन उन्हाळ्यात. जाळीभर स्वस्तिकं, एकाचा हात पुढच्याच्या हातात गुंतलेला, खिळा म्हणून कुठे नाही. तिथला सुतार म्हणाला होता, या नक्षीला शेवट नसतो, म्हणून घरातलं सुखही संपत नाही. दुपारी ऊन आलं की जमिनीवर आयती रांगोळी उमटायची. प्रभाने जाळीला हळदकुंकू वाहिलं आणि निर्धास्त झाली. स्वस्तिकाला कोण घाबरतं?

काल नागेशचा मित्र उल्हास, गावातल्या सगळ्यांना ओळखणारा, जेवायला आला, तो जाळी बघून ताटच विसरला. "अरे, हे जर्मनीत? आणि तुमची घरमालकीण ज्यू आहे. हिटलरच्या लोकांनी तिचे आजी-आजोबा छावणीत मारले. आईबाप तान्ह्या पोरीला घेऊन कसेबसे देशाबाहेर पळाले."

ती तान्ही पोर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेविन, आता पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. आज चारला त्या कॉफीला येणार होत्या. घोळ लेकीने घातला होता. आठ वर्षांची अन्वी त्यांना ओमी, म्हणजे आजी, म्हणायची, आणि आमच्याकडे चीनची खिडकी आहे, असं तिने जिन्यातच सांगून टाकलं. फ्राऊ लेविन पायरीवरच थांबल्या. मग म्हणाल्या, "मी बघायला येऊ?"

"वरून शाल टाकू," प्रभा म्हणाली.

"त्या खिडकी बघायलाच येताहेत."

"मग सांगू, आमच्यात हे शुभ असतं म्हणून."

"ज्यांची माणसं या चिन्हाखाली मेली, त्यांना आपण शुभ-अशुभ शिकवायचं? या वयात रडवायचं? आणि घर सोडा म्हणाल्या तर? हे मिळायला किती वणवण केली, विसरलीस? तेव्हा करवत दे."

तिने दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. तिला जाळीसाठी रडू येत होतं.

पट्ट्या एकमेकींना सोडेनात. नागेशने घाम पुसत एकेका स्वस्तिकाचे हात कापले. जाळीत नुसत्या फुल्या आणि भगदाडं उरली.

"पापा, कापुट. मोडली," अन्वी म्हणाली.

"नक्षी बदलली फक्त," तो म्हणाला. तुकडे त्याने पिशवीत भरून पलंगाखाली सारले.

चारला बेल वाजली. फ्राऊ लेविन ठेवणीतला कोट घालून आल्या होत्या. केककडे न बघता त्या सरळ खिडकीपुढे गेल्या.

"जुन्या घरातली?" त्यांनी विचारलं.

"हो. नानजिंगच्या."

त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि एका पट्टीवर बोट टेकवलं.

"शांघायला आमचा पलंग अशाच खिडकीखाली होता," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठलाच देश आम्हाला घ्यायला तयार नव्हता. मला भीती वाटली की आई म्हणायची, नक्षीवरून बोट फिरव, हिला शेवट नाही. फिरवता फिरवता झोप लागायची."

बोट पट्टीवरून सरकत कापलेल्या टोकाशी आलं. तिथे ते थांबलं नाही. मिटल्या डोळ्यांनी हवेतच काटकोनात वळलं, पुन्हा वळलं, आणि पुढची पट्टी चाचपू लागलं.