आंधळी कोशिंबीर

प्राध्यापकांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधून झाल्या. विद्यापीठाच्या समान संधी केंद्रातर्फे हा खेळ मीच घेते. डोळे बांधलेल्याने जोडीदाराचं कोपर धरून चालायचं. नेणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही, हा नियमही माझाच.

खासनीस सरांच्या जोडीला त्यांच्याच विभागातल्या देवस्थळी मॅडम होत्या. त्यांचा फोन थरथरला, तशा त्या मला खूण करून बाहेर गेल्या. मग सरांच्या हाताखाली मीच माझं कोपर सरकवलं. बरंच वाटलं. माझी पीएचडी सरांकडेच झाली, या नोकरीसाठी माझं नावही त्यांनीच सुचवलं. मला ते अजून 'बाळ' म्हणतात.

व्हरांड्याच्या टोकाशी सर माझ्या कानाशी वाकले.

"देवस्थळीबाई, चूक माझीच हो. केंद्रात त्यांच्यातलं कुणीतरी दाखवायला हवं होतं, म्हणून हिला आणलं. वाटलं, उपकार स्मरून गप्प बसेल. तर ही आपल्यालाच आंधळी कोशिंबीर खेळायला लावतेय!"

आणि ते हसले. मी जागीच थांबले. पुढे जिना होता. सरांनी पाऊल उचललं होतं.

मी नियम मोडला. "सर, थांबा. पायरी आहे."

माझ्या कोपरावरची बोटं एकदम सैल पडली.

खेळ संपल्याचं मी टाळी वाजवून सांगितलं. सगळ्यांनी हसत हसत पट्ट्या सोडल्या.

सरांनी मात्र सोडली नाही.