बापाची काठी
समोरचा संघ श्वास घ्यायलाही उसंत देईना, तेव्हा कोचने डोक्यावरची टोपी काढली. म्हणजे कुणीतरी दुखल्याचं सोंग करून पडायचं. अमेरिकन फुटबॉलच्या बचावफळीतला दीडशे किलोंचा डेमारियस गुडघा धरून कोसळला. खेळ थांबला, साथीदारांना दम खाता आला, सामनाही जिंकला. मैदानातून बाहेर पडायच्या दारातच त्याचा बाप उभा होता. लाकडाच्या गिरणीत चेचलेला पाय ओढत तो प्रेक्षक गॅलरीच्या साऱ्या पायऱ्या उतरून आला होता. “घे लेका, टेक,” त्याने आपली काठी पुढे केली. “राहू दे पपा, काही झालेलं नाही.” “गप रे! दुखणं लपवण्यात माझी हयात गेली, मला शिकवतोस?” डेमारियस मान खाली घालून, काठी टेकत, उजव्या पायाने लंगडत निघाला. मागून भिंत धरून येणारा बाप थबकला. “पडलास तेव्हा डावा गुडघा धरला होतास. आण ती काठी इकडे.”