सर्दीची गोळी

मिराबाई जीपमधून उतरली, पिशवी तिथंच टाकली आणि अंगणात उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीच्या गळ्यात पडली. भिकाबाईनं लगेच सूर लावला. तांड्यावर बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका अशाच भेटतात. खांद्यावर मान टाकून सुरात रडायचं आणि रडता रडता माहेरच्या एकेका माणसाचं नाव घेत जायचं. नवख्याला वाटावं, या घरात काहीतरी वाईट झालं. झालेलं काही नसतं. पाहुणी आलेली असते आणि आत चहा उकळत असतो.

चहा उकळत होता तो भिकाबाईच्या सुनेच्या, संगिताच्या चुलीवर. तिचा सगळा जीव कानात आला होता. दुपारची भाकर खाल्ली की नाही हे न आठवणारी सासू आई, बाप, भाऊ, भावजया, सगळी नावं बराबर घेत होती. कुठं अडखळत नव्हती. कुणाचं रडणं ऐकून संगिताला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मग भिकाबाईनं पुढची ओळ घेतली. “माझी मिरा कवा येईल गं? मिरा वाट विसरली. कुणी तरी जा, माझ्या मिराला घेऊन या.”

शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी माना डोलावल्या. इतके दिवस का आली नाहीस, असं रडण्यात म्हणतातच. मिराबाईनंही सुरातच उत्तर दिलं, “आले ना बाई, मी आले.”

भिकाबाईनं मान वर केली. तिच्याकडं नीट पाहिलं. आपल्या ओढणीनं तिचे डोळे पुसले आणि विचारलं, “तुमी आमच्या मिराच्या गावच्या का? बरी हाय का ती?”

मिराबाईचं रडणं तिथंच थांबलं.

ती आत येऊन चुलीपाशी बसली. संगितानं पुढं केलेला चहा तिनं खाली ठेवला.

“कवापासून चालू हाय हे?”

“दिवाळीपासून जास्त झालं, मावशी.”

“दवाखाना?”

“उपकेंद्रातल्या पल्लवी सिस्टरला इचारलं. तिनं पयलं हेच इचारलं, म्हातारीला गोळ्या कोणत्या चालू हायेत. म्हणलं, काईच न्हाई. झोपंसाठी सर्दीची गोळी तेवढी. मामंजी गेले तवापासून बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून मीच आणते. कुणी चिठ्ठी बी मागत न्हाई.”

“मंग?”

“ती म्हणली, सर्दी झाली तर दोन-चार दिस ठीक. पण झोपंसाठी रोज, ते बी एवढ्या वयात, न्हाई घ्यायची. डोकं गुंगतं, इसर पडतो. लय वर्षं घेतली तर मोठा आजार मागं लागायचा धोका हाय म्हणतात. किती दिस झाले, म्हणून इचारलं.” संगितानं चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं. “मी म्हणलं, महिना झाला असंल.”

“आन् खरं?”

“धाकटं पोरगं तवा पाळण्यात होतं. आता सातवीत हाय.”

मिराबाई बोटांवर वर्षं मोजू लागली.

“बंद केल्यावर समदं वापस येतं का, म्हणून इचारलं. म्हणली, थोडंफार येतं कधी कधी. वयामुळं बी असंल. तपासल्याबिगर सांगता येत न्हाई, नांदेडला न्या.” संगिताला रडू फुटलं. “मला लय भेव वाटतं, मावशी. रोज जेवण झालं की तांब्या आन् गोळी घेऊन मीच जायचे. सून असावी तर अशी, म्हणायचा समदा तांडा.”

“तू काहून भेतीस? पयली गोळी म्या दिली तिला. दाजीच्या दिवसाला आले होते तवा. रातभर बसून राहायची. मंग माझ्या पाकिटातली काढून दिली.”

“तुमच्या?”

“मी तर तिच्या आधीपासून घेते.”

संगिताला विचारायचं होतं, तुमाला काई इसरतं का म्हणून. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण उत्तर ऐकायची हिंमत होईना, म्हणून तिनं ते गिळून टाकले. मिराबाईलाही ते कळलं असावं. तिनं मान दुसरीकडं फिरवली.

एवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन भिकाबाई आत आली. पाहुणीची सरबराई करण्यात ती अजूनही कमी पडत नव्हती. तांब्या पाहुणीपुढं ठेवून तिनं कमरेची आरशाच्या काचा लावलेली पिशवी सोडली आणि आतून गोळ्यांचं पाकीट काढलं. पाकीट अर्धं रिकामं होतं.

संगिता बघतच राहिली. घरातल्या गोळ्या ती स्वतः पत्र्याच्या पेटीत ठेवायची. हे पाकीट तिनं कधी दिलंच नव्हतं. म्हणजे तांड्यावरच्या दुकानातून म्हातारी आपली आपण आणत होती. दिवसाला किती घेत होती, घेतलेली विसरून परत घेत होती का, हे आता विचारायचं कुणाला?

भिकाबाईनं एक गोळी काढून तळहातावर घेतली.

“लय रडल्या तुमी बाई, दमल्या असाल,” ती मायेनं म्हणाली. “ही घ्या आन् जरा पडा. साधी हाय. काई होत न्हाई हिनं.”

नको म्हणायला मिराबाईनं तोंड उघडलं. तोवर तिचा हात सवयीनं पुढं झाला होता.