एका फांदीचा उजेड

गरुडाच्या घरट्यावर सावली पडत होती, म्हणून फोटोग्राफरने झाडाची एकच फांदी करवतीने कापली. फोटो असा आला की बक्षीसच मिळालं. तिसऱ्या दिवशी पिल्लू उन्हाने तडफडून मेलं. त्याने ते दुर्बिणीतून पाहिलं आणि बायकोलाही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत खिडकीशी पाळणा होता. एका दुपारी खिडकीचा पडदा बाजूला सरकलेला सापडला. दुसऱ्या दुपारीही तेच.

"अरे, पोरीच्या तोंडावर ऊन येतंय!" बायको वैतागली. "फोटोला उजेड हवा तर दिवा लाव ना."

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय, पडद्याला पाय फुटले?"

त्याने पडदा ओढून घेतला. गप्प बसणं आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने पाळणा कोपऱ्यात ओढला, पडद्याला डझनभर पिना लावल्या आणि समोर खुर्ची टाकून बसला. कधी डोळा लागला, कळलंच नाही.

मुलीच्या रडण्याने तो दचकून उठला. पडदा वरून सरळ कापलेला होता आणि जमिनीवर पडला होता. त्यावर लाकडाचा ओला भुसा सांडला होता. खिडकीपासून थेट कोपऱ्यापर्यंत उन्हाचा पट्टा पोचला होता, आणि त्यात मुलगी तोंड उघडून वर बघत होती.

खिडकीबाहेर ना गच्ची होती, ना झाड. तिथूनच कॅमेऱ्याचा खटका वाजला. मग पुन्हा. घाई नव्हती कुणाला.