पलीकडचा काठ

“ब्रश द्या इकडे,” आप्पा म्हणाले.

माळीणबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्याच वेळात लेक येणार होती आणि चित्रातला तळ्याचा पलीकडचा काठ साफ रिकामा होता.

माळीणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. झाडं, पानं, गवत यांखेरीज त्यांनी दुसरं काही रंगवलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून या सामाईक स्टुडिओतल्या मंडळींनी दिलेलं ते नाव. त्यांची पानं म्हणजे शिरा मोजून घ्याव्यात अशी. कीड लागलेलं पान असेल, तर किडीनं कुठून कुठवर खाल्लं तेही चोख.

आज मात्र भलतंच झालं होतं. तळ्याकाठची लव्हाळी एकेक करून उभी केल्यावर सकाळी त्यांची नजर शेजारच्या टेबलाकडे गेली. तिथे छापे काढणारी पोरगी पत्र्यावरची शाई फडक्यानं पुसत होती, आणि पुसावं तितकं चित्र उजळत होतं. काय मनात आलं कोण जाणे, माळीणबाईंनी तिच्याकडून एक फडकं मागून घेतलं आणि आपल्या ओल्या रंगावरून सरळ फिरवलं. पलीकडचा काठ गेला. त्यावरची झाडं, लव्हाळी गेली. उरलं ते नुसतं धुकं, आणि अलीकडे लव्हाळ्याच्या चार काड्या.

तेव्हा त्यांना इतका आनंद झाला होता की पोरीला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली. पण तो सकाळचा आनंद. लेक यायची वेळ झाली तशा बाई सगळ्यात बारीक ब्रश घेऊन पुसलेली लव्हाळी परत उभी करायला बसल्या.

“ब्रश,” आप्पांनी पुन्हा हात पुढे केला. हात कोपरापर्यंत मातीनं माखलेला. आप्पा मडकी घडवायचे.

स्टुडिओत हा रिवाजच होता. चित्र असो, मडकं असो, छापा असो, करणारा थांबायचं विसरलाय असं ज्याला दिसेल त्यानं उठून त्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं. ते दुसऱ्या दिवशी परत मिळायचं. याला सगळे ‘जप्ती’ म्हणत. आप्पांच्या स्वतःच्या कितीतरी सुरया अशा वेळेवर वाचल्या होत्या. माळीणबाईंवर जप्ती आणायला मात्र आजवर कुणी धजावलं नव्हतं.

“आप्पा, आज नको. हवं तर उद्या दोनदा जप्ती करा.”

“उद्या काय उरणार आहे त्या चित्रात?”

“अहो, पण अर्धवट दिसतंय ते!”

“कुणाला?”

“लेकीला!” माळीणबाई एकदम उसळल्या. “सगळी चित्रं बघितलीत तिनं माझी. येते, उभ्या उभ्या बघते, ‘बरोबर जमलंय, आई’ म्हणते, की निघाली. मिनिटभर थांबत नाही हो कुठल्या चित्रापुढे. पण बरोबर तरी म्हणते. आज तेवढंही म्हणाली नाही, तर मी काय करू?”

आप्पा एरवी कुणाला बोलण्यात हार जायचे नाहीत, पण आता त्यांनी हात मागे घेतला.

“बरं. राहिलं. चित्र तुमचं, लेक तुमची,” असं म्हणून ते आपल्या चाकावर जाऊन बसले.

माळीणबाईंनी ब्रश रंगात बुडवला. हात नुसते शिवशिवत होते. धुक्यात पहिली काडी कुठे काढायची, एवढंच ठरायचं होतं.

“मावशी,” छापेवाली पोरगी मान वर न करता म्हणाली, “सकाळी पुसताना तुम्ही गुणगुणत होता.”

“मी?”

“हो ना. बेसूर होतं. पण किती वेळ गुणगुणत होता.”

माळीणबाई चित्राकडे बघत राहिल्या. सकाळी आपण गात होतो हे त्यांना आठवत नव्हतं; चित्र काढताना आपण शेवटचं कधी गायलो तेही आठवेना. जिवावर येत होतं, तरी त्या उठल्या, आप्पांच्या चाकापाशी गेल्या आणि ब्रश त्यांच्या ओल्या हातात ठेवून दिला.

“धुऊन परत करा,” त्या म्हणाल्या. “मातीसकट नकोय मला.”

तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात गाडीची किल्ली.

“आई, मी लगेच निघणार हं. कुठलं गं आजचं?”

माळीणबाईंनी नुसतं बोट दाखवलं. आप्पांचं चाक माती न ठेवताच फिरत होतं, आणि छापेवाली पुसलेलाच पत्रा पुन्हा पुसत होती.

लेक चित्रापुढे उभी राहिली. किल्लीचा चाळा थांबला. ‘बरोबर’ काही तिच्या तोंडून येईना.

“ते जरा राहिलंय गं,” माळीणबाई चाचरत म्हणाल्या, “उद्या मी…”

आप्पा मोठ्यानं खाकरले.

लेकीचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली, पायानंच जवळचं स्टूल ओढलं आणि बसली.

“थांबू या जरा,” ती हळूच म्हणाली. “धुकं निवळलं की पलीकडचं दिसेल.”