दारातली वीट

सर टिंगूच्या टेबलापाशी आले, नकाशावर नजर टाकली, "बघू" म्हणाले आणि मागच्या जिन्याकडे चालते झाले. झालं! वर्षभर रक्त आटवलं, आणि वाट्याला आलं एक "बघू".

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षातल्या पोरांना ठाऊक होतं, स्टुडिओत सर नुसतेच फिरतात. खरी तपासणी मागच्या लोखंडी जिन्यावर. तिथं सर सिगरेट पेटवायचे, भोवती पोरं गोळा व्हायची, कठड्यावर नकाशे पसरायचे आणि मग सरांची जीभ सैल व्हायची. त्या जिन्याचं दार फक्त आतून उघडायचं. खालच्या फाटकाला कायमचं कुलूप. म्हणून शेवटी बाहेर पडणाऱ्यानं दारात वीट सरकवायची, हा तिथला शिरस्ता.

टिंगूनं वर्षाच्या सुरुवातीपर्यंत सिगरेटला हातही लावला नव्हता. ती रिकाम्या हातानं जिन्यावर गेली, तर वर्गातला मिशीवाला म्हणाला, "काय गं, हवा खायला आलीस?" सगळे फिदीफिदी हसले. नकाशा तिच्या काखेतच राहिला. मग तिनंही एक पेटवली, खोकत खोकत ओढली, आणि काय आश्चर्य, सरांना तिचा नकाशा दिसायला लागला!

पण आज सकाळी हॉस्पिटलात बाबांनी तिचं मनगट धरलं होतं. त्यांच्या फुप्फुसाचा एक भाग काढून टाकलाय. धाप लागत होती, तरी बोलले. "माझं झालं ते झालं. तू कधी सिगरेटला हात लावू नकोस. शपथ घे." तिनं घेतली. बिचाऱ्यांना काय माहीत, पोरगी केव्हाच बुडालीय.

उद्या परीक्षक येणार. सरांचा होकार नसेल तर वर्ष वाया. काचेतून तिला दिसत होतं, मिशीवाल्याच्या नकाशावर सरांचं बोट फिरत होतं. काय करणार? शेवटी नकाशाची गुंडाळी केली आणि तीही दार ढकलून बाहेर पडली.

सरांनी सवयीनं पाकीट पुढं केलं.

"नको, सर." तिनं पाकीट मागं सारलं. "आजपासून बंद. बाबांना शब्द दिलाय. नकाशा बघायचा तर असाच बघा."

मिशीवाल्यानं आ वासला. सरांनी नकाशा घेतला, उलगडला, बराच वेळ पाहिला. "खिडक्या जरा मोठ्या कर. बाकी झकास आहे. उद्या लाव खुशाल." मग हातातली सिगरेट त्यांनी बुटाखाली चिरडली. "खरं सांगू? डॉक्टरनं मलाही केव्हाच बंद करायला सांगितलंय. पण आत तुम्ही पोरं तोंडाला कुलूप लावून बसता. इथं आल्यावर बोलता. म्हणून येतो झालं."

"अहो सर, आम्ही तर तुमच्यासाठी येतो!" मिशीवाला ओरडला.

मग जे हसू फुटलं! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. तिथल्या तिथं ठरलं, उद्यापासून आतच बसायचं, चहा घेऊन. टिंगूला एकदम हलकं वाटलं. संध्याकाळी बाबांच्या नजरेला नजर देता येणार होती. कुणी म्हणजे कुणी तिला आता या जिन्यावर बोलावणार नव्हतं.

सरांनी दार ओढलं. दार हलेना. दार ढकलताना बाजूला सरकलेली वीट कोपऱ्यात तशीच पडलेली. सगळ्यांनी टिंगूकडे पाहिलं. शेवटी बाहेर आली होती तीच.

दार बडवून झालं. आतले सगळे कानात गाणी लावून बसलेले, ऐकतंय कोण? वॉचमनला फोन केला. तो पुढच्या फाटकावर होता. "येतो, येतो, जरा दम धरा," म्हणाला.

हसणं ओसरलं. बोलायचंही सरलं. कुणी कठडा खरवडत होतं, कुणी उगाच मोबाइल बघत होतं. टिंगूनं हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

सरांनी हळूच पाकीट काढलं. या खेपेला त्यांनी ते कुणापुढंच धरलं नाही, नुसतं कठड्यावर ठेवलं. "एवढी शेवटची," ते स्वतःशीच पुटपुटले.

त्यांच्याही आधी पाकिटाकडे गेलेला हात टिंगूचा होता.